देवमनकाकांचा आठवा किल्ला

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. "मामा, तुमच्या जमान्यातला टीव्ही गेम. हा पोरगा पाहा कसा संपवते." कुठल्यातरी परमुलखातला पोरगा होता. पहिल्या किल्ल्यातून जो धावत सुटला तो कुठल्याशा चोरवाटेने थेट चौथ्यात, चौथ्यातून आठव्यात. आपण चहाची बशी खाली ठेवावी एवढ्या वेळात आठव्या किल्ल्याचं शेवटचं दार समोर आलं. मी मोबाईल तिच्या हातात परत दिला.

"काहून मामा? आता तं शेवट हाये!"

"राहू दे," म्हटलं. तिला वाटलं मी कंटाळलो. खरं सांगायचं तर ते दार उघडलेलं पाहायचा पहिला हक्क देवमनकाकांचा होता. त्यांनी ते पाहिलं नाही, आणि त्यांना जाऊन आता वर्ष झालं. त्यांच्या आधी मी कसं पाहू?

देवमनकाका आणि मी दर्यापूरकडच्या एका लहानशा सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जी चूक येणार आहे ती माझी आहे, आणि त्या गावात माझी सासुरवाडी आहे.

काका माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. अंगाने काडी, पण शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूने. सकाळच्या बातम्यांना रेडिओवर ते घड्याळ लावायचे आणि मग दिवसभर साऱ्या जगाला त्या घड्याळावर चालवायचे. 'चार वाजता' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे 'सोळा शून्य शून्य'. पुतणीच्या लग्नात वऱ्हाड गावच्या वेशीवर नाचत बसलं, तेव्हा काका घोड्यासमोर जाऊन नवरदेवाला म्हणाले, "बाप्पा, तुमचा मुहूर्त अठरा पस्तीसचा. अठरा चाळीस झाले. आता तुमी सप्लाय नसलेल्या लाईनवर चालून रायले." नवरदेवाला काही कळलं नाही, पण तो घोड्यावरून उतरला.

ते दिवस भारनियमनाचे होते. सबस्टेशनमधून वेगवेगळ्या गावांना ज्या लाईनी जातात त्यांना आम्ही फीडर म्हणतो. सगळ्यांना पुरेल एवढी वीज नसे, म्हणून वेळापत्रक असे. एक फीडर बंद करायचा, मग दुसरा चालू करायचा. पहिला पाडल्याशिवाय दुसरा घेता येत नसे. म्हणजे एका गावाची लाईन जायची तेव्हाच दुसऱ्या गावाची यायची, आणि ते बटण आमच्या हातात. लोकांच्या शिव्याही आमच्याच वाट्याला. आमदाराच्या पुतण्याचा साखरपुडा असो की शाळेचं गॅदरिंग, काकांच्या पाळीत फीडर पडला तो कागदावरच्या मिनिटालाच पडला. "दोनच मिनिटं थांबा" म्हणणाऱ्याला ते एकच विचारायचे, "कोणाची दोन मिनिटं देऊ? नाव सांग." मग समोरचा आपली सायकल वळवायचा.

अशा माणसाच्या घरात टीव्ही गेम आला, आणि आला तो त्यांच्याच हातून. मुलगी मीना सातवीत पहिली आली म्हणून ते अकोल्याला गेले आणि एक पांढरा डबा घेऊन आले. दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. डब्यावर ठसठशीत छापलेलं, 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम'.

दुसरा कुणी असता तर पोरीला देऊन मोकळा झाला असता. काकांनी माल तपासायला घेतला. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत रोज थोडं थोडं, यादीतला प्रत्येक गेम लावून पाहिला. कागदावर रेघोट्या ओढल्या. शेवटी निष्कर्ष निघाला की अस्सल गेम अकरा, बाकी सगळे तेच. कुठे आभाळाचा रंग बदललेला, कुठे सुरुवात मधूनच. ते अकराही म्हणे, ज्या जपानी मशीनची हा डबा नक्कल होता ते निघालं तेव्हाच्या अगदी पहिल्या गेमांपैकी. काका त्यांना 'पहिल्या वेचणीचे' म्हणायचे. "पहिल्या वेचणीचा कापूस पाह्य अन् शेवटच्या वेचणीचा पाह्य. मंग समजते. चित्रं कमी हायेत, रंग कमी हायेत, पण करणाऱ्यानं जीव ओतला हाये."

पुढच्या सुट्टीला ते परत अकोल्याला गेले. मी सोबत होतो. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक भांडायला आलं. तो आधीच हात जोडून म्हणाला, "काका, माल वापस होत नाही."

"वापस कोण करते? माल एक नंबर हाये. फक्त तुमच्या डब्यावर आकडा चुकला. अकरा हायेत. दुरुस्ती करा."

"काका, असं कोणी मोजत नाही हो."

"म्या मोजले ना."

काकांनी खिशातून यादी काढली. अकरा गेम, अकरा नावं, सगळी त्यांनीच ठेवलेली. बदकं, रणगाडे, विटा, सायकलवाला, डोंगरवाला, किल्लेवाला... दुकानदाराने तो कागद ठेवून घेतला. पुढे बरेच महिने त्याच्या काउंटरच्या काचेखाली ती यादी होती, आणि गिऱ्हाईकाने विचारलं की तो तीच दाखवायचा. काकांचं अक्षर अकोल्याच्या बाजारात लागलं याचा मला उगाचच तोरा आला होता.

कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची, ही सगळ्या देशाची रीत. काकांच्या घरात फुंकरीला बंदी होती. "तोंडातली वाफ जाते, पट्ट्या गंजतात. सबस्टेशनात कोणी ब्रेकरवर फुंकर मारते का?" ते शेतातून कापसाचं फुटलेलं बोंड आणायचे, सरकी काढायचे आणि त्या कोऱ्या कापसाने कॅसेटच्या पितळी पट्ट्या एकेक करून पुसायचे. गल्लीतली पोरं आपापल्या कॅसेटी घेऊन यायची आणि ओसरीवर ओळीने बसायची. घरी जाऊन फुंकर मारणाऱ्यांच्या कॅसेटी मेल्या, काकांची शेवटपर्यंत पहिल्या दमात लागायची.

बंदुकीचा मान मात्र काकूंचा. काकूंचं लहानपण बापाच्या ज्वारीत माळ्यावर गोफण घेऊन पाखरं हाकलण्यात गेलेलं. पहिल्यांदा बदकांचा गेम लागला तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. पोरांचे नेम चुकायला लागले तसा त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी उठल्या, पदर खोचला, बंदूक घेतली, आधी "हाऽऽ हुर्र!" अशी आरोळी ठोकली आणि मग बदक पाडलं. आरोळीशिवाय त्यांना नेमच धरता येत नसे. एकही बदक सुटलं नाही. काका पोरांना म्हणाले, "घ्या शिकून. हे पुस्तकात नाई." आणि असे हसले की मी त्यांना तसं हसताना पुन्हा फार वेळा पाहिलं नाही.

पण काकांचा स्वतःचा गेम किल्लेवाला. टीव्हीवर बोटभर उंचीचा एक माणूस. काका त्याला 'गडी' म्हणत. त्याने उड्या मारत, खड्डे चुकवत, आगीतून जात आठ किल्ले पार करायचे. आठव्या किल्ल्याच्या शेवटच्या दारामागे काय आहे ते आमच्या तालुक्यात कुणालाच माहीत नव्हतं. एक तर तीनच जीव. आणि दुसरं म्हणजे त्या जुन्या गेमांना आठवणच नसे. लाईन गेली की गडी पुन्हा पहिल्या किल्ल्याच्या पहिल्या पायरीवर.

काकांच्या घराला दुपारी लाईन असे ती बारा ते चार. चोरवाटा न घेता आठही किल्ले पार करायला काकांच्या हाताला पावणेचार तास लागत. पोरं सांगायची, "काका, चौथ्या किल्ल्यात वरून जा, सरळ आठव्यात निघता." काका मान हलवायचे. "आडवाटेनं गेलो तं मधली गावं कोण पाहीन?" तेव्हा सगळा हिशेब असा की पावणेचार तासांचं काम चार तासांत बसवायचं, एकदाही फार न चुकता. घरी असलेल्या दुपारी ते बारा वाजता मांडी घालून बसायचे. शेजारी सबस्टेशनसारखीच रेघा मारलेली वही.

'१२.०० सुरू. १२.२७ पहिला किल्ला पार. १३.१० दाब कमी, चित्र हलते. १४.०५ एक जीव गेला. कारण : ऑपरेटरची घाई.'

दोन वर्षं हे चाललं. कधी पाचव्यात संपायचं, कधी सातव्यात. गावात माणसं चौकशी करायची, "काका, कितवा किल्ला?" आमच्या गावात कुणी पहिलवान नव्हता, कुणी मोठा पुढारी नव्हता. काका होते.

मग तो दिवस आला. पाळी माझी होती. साडेतीनच्या सुमारास गावचा पोस्टमन सायकल टाकून आत आला. "गजानन, काका आठव्यात हायेत! दोन जीव शिल्लक! ओसरीवर पाय ठेवायले जागा नाई." मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेचारला त्याने बाहेर चक्कर मारून पुन्हा बातमी आणली, शेवटच्या दाराच्या अलीकडची वाट, एक जीव. चार वाजले. बटण माझ्यासमोर. मी ते दाबलं नाही.

मनाला म्हटलं, पाचच मिनिटं. दोन वर्षं हा माणूस वाट पाहतोय, कुणाचं काय जातं? चार वाजून एक मिनिट. दोन. मी नव्या नवरदेवासारखा खुर्चीच्या काठावर बसलो होतो. मनातल्या मनात काकांना दारातून आत ढकलत होतो.

चार वाजून सहा मिनिटांनी दारात काकाच उभे राहिले. सायकल दामटत आलेले, घामाने भिजलेले. गळ्याचं बटण तुटलेलं.

"काहून नाई पाडला फीडर?"

मला वाटलं गेम संपवून आले. "काका, झालं का? काय हाये दारामागं?"

"तुले काय विचारून रायलो मी?"

मी बटण दाबलं. मग दुसरा फीडर चालू केला. काका भिंतीला टेकून उभे राहिले. "तो फीडर कायचा हाये?"

"शेतीपंपाचा."

"सोळा शून्य शून्यले तिकडं माणूस विहिरीवर येऊन उभा रायते. बाई दांडावर उभी रायते. पाणी आलं नाई तं ते आभाळाकडं पायतात, तुयाकडं नाई. त्यायची सहा मिनिटं तू मले देऊन रायला होता?"

घरी काय झालं ते मला नंतर मीनाने सांगितलं. चारचा ठोका पडला, लाईन गेली नाही. काकांनी घड्याळ पाहिलं. शेजारच्या घरातही पंखा फिरतोय का ते पाहून यायला सांगितलं. फिरत होता. गडी शेवटच्या दारापासून पाच पावलांवर. काकांनी रिमोट खाली ठेवला, उठले आणि स्वतःच्या हाताने टीव्हीचं बटण बंद केलं. ओसरीवर बोंबाबोंब झाली. काकू ओरडल्या, "अवो, एक दार तं राह्यलं!" काका पायात चपला सरकवत म्हणाले, "ते दार आपलं नाई. आपली वेळ झाली."

सबस्टेशनात त्यांनी मला लॉगशीट पुढे ओढायला लावलं. "लिही. सोळा शून्य सहा. कारण लिही." मी लिहिलं, 'ऑपरेटरची चूक.' काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'चुकीचं कारण माझ्या घरी होतं.' सही केली.

त्यांनी लिहिलं नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता. आठवड्याने साहेबांनी दोघांना बोलावलं आणि काकांना विचारलं, "इंगळे, तुमच्या घरी असं काय कारण होतं?"

काका ताठ उभे राहिले. "टीव्ही गेम, साहेब."

साहेब आधी हसले, मग काकांचा चेहरा पाहून थांबले. दोघांना मेमो मिळाले. काकांच्या साऱ्या नोकरीतला तो एकमेव मेमो, आणि तो माझ्यामुळे. मी कितीदा तरी माफी मागायचं ठरवलं, पण ते विषय निघू देत नसत. कामापुरतं बोलायचे, डब्यातली भाजी वाढायचे, पण पूर्वीसारखं 'बाप्पा' म्हणायचे नाहीत. ते मला मेमोपेक्षा जास्त लागलं.

पुढे ते कधी सातव्या किल्ल्याच्या पलीकडे गेले नाहीत. मग टीव्ही गेला, मीना शिकायला अमरावतीला गेली, काका निवृत्त झाले. भारनियमनही हळूहळू आटपलं. मीनाने राजापेठेत गणिताचे क्लास काढले आणि आईबापांना आपल्याकडे नेलं. आमची भेट सणासुदीची झाली.

काका गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "गजानन, परवा बारा ते चारची ड्यूटी हाये. येतं का?"

मला वाटलं म्हातारपणात डोकं फिरलं. तरी दर्यापूरहून सकाळची गाडी धरून गेलो. तिसऱ्या मजल्यावर मीनाने दार उघडलं. तिने बाजारातून नव्या टीव्हीला लागणारा एक तळहाताएवढा डबा आणला होता. त्यात ते सगळे जुने गेम. ती मला म्हणाली, "काका, यात कुठंबी थांबवता येते, उद्या तिथूनच सुरू. मी बाबाले तेच सांगून रायली. ऐकतच नाईत."

"थांबवून थांबवून काय खेळाचं? शेत हाये का ते, अर्धं आज वखरलं, अर्धं उद्या?" काका सतरंजीवर बसलेच होते. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, हाताला किंचित कंप. त्यांनी मला पॅसेजमध्ये नेलं आणि भिंतीवरचा मेन स्विच दाखवला. "इथं आता लाईनच जात नाई. म्हणून तुले बोलावलं. सोळा शून्य शून्यले पाडाचा. मी कुठंबी असो."

बाराला सुरू केलं. मीनाच्या क्लासच्या पोरीही येऊन बसल्या. मला वाटलं होतं दुसऱ्या किल्ल्यात आटपेल. पण बोटांना सगळं पाठ होतं. कुठे खड्डा, कुठे आग, ते डोळ्याच्या आधी अंगठ्याला कळायचं. दीडला तिसरा. तीनला सहावा. काकूंनी भाजी निवडता निवडता दोनदा "हुर्र!" केलं, त्यांच्याही नकळत. तीन वाजून चाळीस मिनिटांनी काका आठव्या किल्ल्यात शिरले. मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथून काकांची पाठ दिसत होती आणि टीव्हीचा अर्धा पडदा.

चारला दोन मिनिटं कमी. शेवटच्या दाराची वाट. मीना माझ्याजवळ आली, डोळे भरलेले. "काका, दोनच मिनिटं जास्त राहू द्या ना. बाबा सत्तरीचे झाले. आता इथं कोणाची लाईन अडत नाई."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. इथे विहिरीवर कुणी उभं नव्हतं. गडी दारापासून दहा पावलांवर, मग आठ, मग चार. काका एकदाही घड्याळाकडे पाहत नव्हते. ती जबाबदारी त्यांनी मला दिली होती.

सोळा शून्य शून्य. मी स्विच पाडला.

पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. खालून राजापेठेतल्या गाड्यांचा आवाज एकदम घरात आला. पोरी "अरेरे" म्हणाल्या. मला वाटलं आता या माणसाकडे तोंड करून पाहायची माझी हिंमत नाही.

काका भिंतीला धरत उठले, पॅसेजमध्ये आले आणि मनगट उलटं करून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"त्या मेमोचं मले कधी वाईट नाई वाटलं, बाप्पा," ते म्हणाले. "माया जोडीचा माणूस, अन् त्याच्या हातून तसं झालं, याचं वाटत होतं. आज गेलं ते."

मी म्हटलं, "काका, चारच पावलं राहिली होती."

"होती ना. लय जवळून पाह्यलं आज." त्यांचा चेहरा असा उजळला होता की दार उघडून आलेल्या माणसाचाही उजळणार नाही. "चढव आता लाईन. पोरीयले चहा करतो."

चहा झाला. निघताना ते दारापर्यंत आले. मी खाली उतरायला लागलो तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ बाहेर आले आणि मघाशी तुमच्याच घरची लाईन कशी गेली म्हणून विचारू लागले. वळणावरून मी वर पाहिलं. काका कठडा धरून उभे होते, गळ्यापर्यंत बटण लावलेले, आणि माझ्याकडे बोट दाखवत होते.

"हा आमचा गजानन. माया हाताखाली तयार झाला. समोर मी होतो, तरी एक सेकंद नाई सोडला त्यानं! एक सेकंद!"

गाडीची वेळ होत आली होती, तरी मी पायऱ्या हळूहळू उतरलो. ते त्या गृहस्थांना पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.